डोकं डब्यात

३ मार्च, सोमवार
आज राजीनामा दिला. बावीस वर्षं विमा कंपनीच्या क्लेमचं सॉफ्टवेअर सांभाळलं, पुरे झालं. सकाळी दोन तास मीटिंग चालली. विषय: सबमिट बटण हिरवं की निळं. ठरलं काय, तर पुढच्या मीटिंगमध्ये ठरवू. जागेवर आलो, राजीनामा टाइप केला आणि पाठवून दिला. यापुढे फक्त गेम आणि व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी. वर्षाअखेर स्वतःचा स्टुडिओ.
मॅनेजरने विचारलं, घरी बोललास का? म्हटलं, म्हणजे काय, बायकोचा पूर्ण पाठिंबा आहे.
बायकोला अजून सांगायचं आहे. नोटीस तीस दिवसांची आहे, घाई नाही.
भीती अजिबात नाही. हात थरथरत होते ते एसीमुळे.

५ मार्च
हेडसेट आला. डोळ्यांवर बांधायचा काळा खोका, की आपण थेट दुसऱ्या जगात. घरात त्याचं नाव लगेच डबा पडलं. बायकोला म्हटलं, ट्रेनिंगसाठी आहे. यात खोटं काही नाही. ट्रेनिंग कुणाचं, हे तिने विचारलं नाही.
संकल्प: रोज चार तास डबा.

६ मार्च, सकाळी ७.१०
डबा: चाळीस सेकंद. चाळिसाव्या मजल्यावरून बाहेर काढलेली एक फळी, तिच्यावरून चालायचं. मी आधी उभा होतो, मग बसलो, मग बेडरूमच्या फरशीवर पालथा पडून राहिलो. रिकाम्या पोटी करायची गोष्ट नाही ही.

७ मार्च, सकाळी ७.३०
पोटभर नाश्ता करून डबा लावला. पंचवीस सेकंद. भरल्या पोटीही करायची गोष्ट नाही.

९ मार्च, रविवार
सासरे आमच्याकडेच असतात. वय चौऱ्याहत्तर, रिटायर्ड इलेक्ट्रिशियन. मी नको म्हणत असताना त्यांनी डबा डोक्याला बांधला, फळीच्या टोकापर्यंत तरातरा चालत गेले, खाली वाकले आणि म्हणाले, समोरच्या बिल्डिंगचं वायरिंग उघडं आहे. मग उडी मारली. हसले. पुन्हा वर गेले, पुन्हा उडी. जेवायला हाक मारेपर्यंत डबा काही सोडला नाही.
या वयात कल्पनाशक्ती कमी होते, म्हणून भीती वाटत नाही. मला कल्पनाशक्ती आहे. गेमच्या धंद्यात तीच लागते.

१२ मार्च
एका गेम स्टुडिओत इंटरव्ह्यू. मालक अठ्ठावीस वर्षांचा, केस डोक्याच्या मधोमध बांधतो. मनातल्या मनात मी त्याला शेंडी म्हणतो. तो म्हणाला, सर, तुमचा अनुभव राहू दे, दहा मिनिटांचा भीतीदायक गेम करून आणा, सव्वीस तारखेला. म्हटलं, दहाच मिनिटं? मी एकेका रिपोर्टवर चार-चार वर्षं काम केलेला माणूस आहे.
नोकरी खिशात.

१५ मार्च
गेमचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट तयार. चौसष्ट पानं. ओसाड गोदाम, एक भूत. भुतामध्ये बदल हवा असेल तर फॉर्म भरावा लागेल, शिस्त म्हणजे शिस्त. फॉर्म भरणारा मी आणि मंजूर करणाराही मीच.
गेम अजून सुरू केलेला नाही. पण पाया भक्कम झालाय.

२० मार्च
भूत चालू लागलं! कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तपासतो, डबा लावत नाही. तत्त्वतः एकच गोष्ट आहे.
गोदामात शिरण्याआधी लॉगिन. आत भूत दिसलं की एक यादी उघडते: पळणे, लपणे, इतर. 'इतर' निवडल्यास कारण लिहिणं बंधनकारक. हे असलं या क्षेत्रात अजून कुणी केलेलं नसणार.
जेवताना बायकोने विचारलं, ऑफिसात काय चाललंय हल्ली? म्हटलं, नवीन प्रोजेक्ट. म्हणाली, तुला मला काही सांगायचंय का? म्हटलं, मीठ दे.
छातीत धडधड होत होती. भाजी तिखट होती.

२५ मार्च
आज खरं लिहितो. भीती वाटतेय. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी हे काय करून बसलो? तिला काय तोंड दाखवू?
वरचा मजकूर रद्द. थकव्यामुळे लिहिला गेला.

२६ मार्च, दुपारी ४
डेमो झाला. क्रमवार लिहितो.
आधी स्टुडिओतली एक मुलगी खेळायला बसली. तिचा पासवर्ड तीनदा चुकला आणि खातं बंद झालं. मी नियम समजावला, चोवीस तासांनी उघडतं. शेंडी म्हणाला, सर, मग तुमच्या खात्यातून तुम्हीच खेळून दाखवा, आम्ही मोठ्या स्क्रीनवर बघतो.
नाही कसं म्हणणार? डबा लावला. गोदामात शिरलो. बाहेरून जे भूत बोटाएवढं दिसायचं ते आत छताला टेकलं होतं आणि माझ्या नाकासमोर उभं होतं. दात मीच बसवलेले. एकेक दात मला ओळखीचा.
पुढचं मला नीट आठवत नाही. त्यांनी सांगितलं त्यावरून, मी इतर! इतर! असं ओरडत टेबलाखाली शिरलो आणि टेबलाचा पाय समजून शेंडीचा पाय धरला. सोडवायला दोघं लागले.
एकूण प्रभाव चांगला पडला असावा. निदान विसरणार तरी नाहीत.

२७ मार्च
शेंडीचा फोन. म्हणाला, सर, गेम एकदम टाकाऊ आहे. पण तुम्ही फार छान घाबरता.
त्यांचा एक मोठा गेम अडकलाय. चेटकिणीचा. तपासणारी सगळी पोरं लहानपणापासून असलेच गेम खेळत आलेली, त्यांना कशाचंच काही वाटत नाही. चेटकीण खरंच भीतीदायक झालीय की नाही, हे कळायला मार्ग नाही. त्यांना नीट, मनापासून घाबरणारा माणूस हवाय. सकाळी दहा ते एक. मनगटावर पट्टा बांधायचा, नाडीचे ठोके त्यांच्याकडे नोंदले जातात. तीन महिन्यांचं कंत्राट. पद: भीती परीक्षक.
थोडक्यात, गेमच्या क्षेत्रात मी परीक्षक म्हणून प्रवेश करत आहे.
बायकोला पदाचं नाव जरा बरं सुचलं की सांगतो.

३ एप्रिल
जुनं ऑफिस काल सुटलं. आज पहिला दिवस. चेटकीण जिन्यावर आली आणि नाडी १५२! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बावीस वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. डब्यात कुणाला दिसलं नाही.
एक वाजता सुटलो. घरच्या हिशेबाने ऑफिस सहाला सुटतं, म्हणून वाचनालयात बसलो. सहा वेळा तोच पेपर वाचला.

८ एप्रिल
नाडी १३१. उत्तम. थोडा चढउतार असायचाच.

११ एप्रिल
नाडी ९६. चेटकीण कपाटातून बाहेर आली तेव्हा माझं लक्ष कपाटाच्या बिजागरीकडे गेलं. उलटी बसवलीय. मी तसा रिपोर्ट दिला. शेंडीने काळजीने विचारलं, सर, बरं नाही का?

१५ एप्रिल
७८. चेटकीण किंचाळत असताना मला जांभई आली. शेंडी अतिशय सभ्यपणे म्हणाला, शुक्रवारपर्यंत बघू.
आयुष्यभर भीती जाता जात नव्हती. आता पोटापाण्याशी तिचा संबंध आला, तर निघाली सोडून! भीती गेली तर नोकरी जाईल, या विचाराने हातपाय गार पडतात. पण डबा लावला की पुन्हा ७८. त्या बाईची सवयच झाली.
उपाय: चेटकिणीकडे अनोळखी माणसाच्या नजरेने बघणे. उद्यापासून.

१७ एप्रिल, संध्याकाळी ७
सहाला घरी आलो. बायको माझ्याआधी येऊन टेबलाशी बसलेली. समोर जुन्या ऑफिसचं पाकीट. कार्यमुक्तीचं पत्र त्या लोकांनी पोस्टाने घरी पाठवलं. बावीस वर्षांत एक काम वेळेवर केलं असेल, तर हे.
सासऱ्यांनी टीव्ही बंद केला आणि उठून आत गेले.
ती ओरडली नाही. बस म्हणाली. बसलो. तिने विचारलं, दीड महिना रोज सकाळी तुझा डबा भरला, तो तू कुठे खात होतास? म्हटलं, आधी ऑफिसात. आता वाचनालयाच्या पायऱ्यांवर. मग तिने विचारलं, मला का नाही सांगितलंस? माझी भीती वाटते का तुला?
म्हटलं, छे! तुझी कसली भीती?
ती माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. मनगटाकडे बघत होती. स्टुडिओतून निघताना पट्टा काढायचा राहून गेला होता. तिने माझा हात धरून माझ्याकडे वळवला. पट्ट्यावर १६८. मी आकड्याकडे बघितलं तसा तो १७१ झाला. तिने हात सोडला. तिचे डोळे भरून आले होते. वीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकं वाईट कधी वाटू दिलं नसेल.
तेवढ्यात शेंडीचा फोन. पट्ट्याचे आकडे माझ्या फोनवरून अजून त्यांच्याकडे जात होते. ओरडतच होता, सर, कमाल! शुक्रवारचं विसरा, नोकरी पक्की! कसं केलंत ते विचारत नाही, फक्त रोज एवढं जमेल का सांगा.
मी बायकोकडे बघितलं. म्हटलं, जमेल.