तुला वाचून न दाखवलेल्या चार ओळी

आई, काल ती दुबईत येऊन गेली. तुझी ती. ऑफिसात तुला मॅडम म्हणणारी आणि शारजाच्या आपल्या फ्लॅटचं दार उघडलं की "मावशी, काय केलंय?" म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरणारी. सांगलीहून आली तेव्हा पंधरा दिवस आपल्याकडे राहू दे म्हणाली होतीस. दोन वर्षं राहिली. तव्यावरचं पहिलं थालीपीठ तू तिला वाढायचीस आणि मला म्हणायचीस, "तू घरचीच आहेस, थांब जरा." मी थांबायचे. चांगली सव्वीस वर्षांची बाई मी, पण एका थालीपिठावरून रुसायचे.

आपण तिघी शहररचनेच्या एकाच कन्सल्टन्सीत. तू सीनियर प्लॅनर, आम्ही दोघी तुझ्या हाताखाली. बाकीच्यांना दुबई मरीनातले उंच, श्रीमंती टॉवर हवे असायचे. तुझा जीव औद्योगिक भागातल्या बसथांब्यांत अडकलेला. भर उन्हात तू आम्हाला तिथे नेऊन उभं करतेस. गॅरेजांतून सुटलेले कामगार छपराखाली नाहीत, मागच्या विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभे आहेत. "बघा, छप्पर इथे आणि सावली तिथे," तू म्हणतेस. मी लगेच सुचवायला लागते, छप्पर मोठं करू, काचा लावू, एसी बसवू. ती मात्र रांगेतल्या एका म्हाताऱ्याला विचारते, "चाचा, यहाँ कब से खड़े हो?" आणि अर्धा तास ऐकत राहते. त्यातूनच तू तो आराखडा काढलास: तिरकं छप्पर, पश्चिमेला जाळीची भिंत, आणि दुपारी चारची सावली बरोबर बाकावर.

मग ती मंदी आली. रोज कुणाचं तरी टेबल रिकामं दिसायचं. "प्रोजेक्ट खलास," साहेबांनी सांगितलं, आणि सगळ्यात आधी तुझे थांबे रद्द झाले. त्याच दिवसांत तुझ्या ओळखीच्या एका युरोपियन प्लॅनरचा मेल आला. तिकडच्या काही शहरांनी मिळून काम सुरू केलं होतं: एकाला बसचं काही साधलं, दुसऱ्याला पाण्याचं, तिसऱ्याला झाडांचं, तर ते बाकीच्यांना शिकवायचं आणि चुकाही लपवायच्या नाहीत. उन्हाळे वाढत चालले होते, म्हणून उष्ण मुलखात काम केलेलं एक माणूस त्यांना हवं होतं. तू एकच नाव सुचवू शकत होतीस. तू तिचं सुचवलंस.

"स्वतःच्या मुलीचं नाव कसं द्यायचं, असं वाटलं ना तुला?" मी विचारलं. कणीक मळता मळता तू म्हणालीस, "नाही गं. तिथे चार शहरांचं ऐकून घ्यायचंय. ती ऐकते. तुला आधी सांगायचं असतं." एवढं बोलून तू कणकेवर ओलं फडकं टाकलंस आणि हात धुतलेस. मी भांडलेसुद्धा नाही. काय भांडणार, खरंच होतं ते.

ती गेली, तुझी नोकरी गेली, आणि पुढच्या काही वर्षांत मधुमेहानं तुझी नजरही गेली. तिचे मेल मीच वाचून दाखवायचे. दोन शहरांच्या मेयरांची ट्रॅमवरून कशी जुंपली, मग जेवताना कशी मिटली. तू खुदकन हसायचीस. मला वाटायचं, माझ्या ऑफिसातलं सांगते तेव्हा अशी का हसत नाहीस? एका मेलमध्ये शेवटी चार ओळी होत्या. तुझ्या आराखड्यावरून तिच्या शहरात एक थांबा उभा राहिला होता. त्यावर छोटी पाटी होती, पाटीवर तुझं नाव होतं. जोडीच्या दोन शहरांनीही आराखडा मागून घेतला होता. मी त्या ओळींच्या आधीच थांबले. "एवढंच?" तू विचारलंस. "एवढंच," मी म्हणाले. पुढे कधीतरी सांगू, असं मनाला बजावत राहिले. चार महिन्यांनी तू गेलीस.

काल तिचं इथे भाषण होतं. पडद्यावर तो थांबा आला, बाकावर एक आजी पिशवी घेऊन बसलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि आई, तुझं नाव पडद्यावर असताना मी बघत होते तिच्याकडे, तिच्या चेहऱ्यावरच्या त्या लेकीच्या हक्काकडे. नंतर कॉफी घेताना तिनं माझा हात धरला. "पाटीचं ऐकून मावशी काय म्हणाल्या गं तेव्हा? मी इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणतेय." मी म्हणाले, "खूप हसली." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हे पत्र कुठे जाणार नाही, मला ठाऊक आहे. खरं तर ते तिलाच लिहायला हवं होतं. तुला लिहिणं सोपं, म्हणून तुला लिहिलं.