२६७०५७७ अजून लागत नाही

३ मार्च, सकाळी ७:१०
ही पंधरा दिवसांसाठी बहिणीकडे गेली. जाताना फ्रिजवर चिठ्ठी: 'बाबांनी नंबर दिलाय. २६७०५७७. बघा एकदा.'
बाबा म्हणजे माझे सासरे, गणिताचे रिटायर्ड मास्तर. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांदेखत मी ठासून सांगितलं की ९१ ही मूळ संख्या, तिला कुणाचाच भाग जात नाही. ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तेव्हापासून बोलणं बंद. आधी त्यांनी बोलावं, ही माझी अट.
आणि आता हे चॅलेंज! ही संख्या मूळ आहे का, तेच विचारलंय. उघड आहे. आठ दिवसांत सिद्ध करतो. कॅल्क्युलेटरला हात न लावता.

४ मार्च
सम नाही. शेवटी पाच नाही, शून्य नाही. अंकांची बेरीज ३४, म्हणजे ३ सुद्धा बाद. पाच मिनिटांत तिघे गारद! आता वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे १६३४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. ७ आणि १३ किरकोळ, सवडीने बघू. (सातचा पाढा मला लहानपणापासून मानवत नाही.)

७ मार्च, दुपारी, ऑफिसात
जावक टेबलावर कोऱ्या पाकिटांना तोटा नाही. ४७ पर्यंत मजल.

११ मार्च
साहेबांनी बोलावलं. ४७ चा भागाकार असलेलं पाकीट चुकून टपालात गेलं होतं. ज्यांना मिळालं त्यांचं उत्तर आलंय: 'हातचा चुकला आहे.' साहेबांना म्हटलं, संशोधन आहे. ते म्हणाले, घरी करा.
दोन वह्या विकत आणल्या. आठ दिवसांची मुदत वाढवली.

१३ मार्च
हिचा फोन. बाबांचा नंबर लागला का? म्हटलं, इतक्यात कसा लागेल, मेहनत आहे. म्हणाली, पुन्हा पुन्हा लावून बघा, बाबा वाट बघतायत. म्हटलं, बघू देत.

१७ मार्च
१६२७! बाकी उरली! संपलं. मूळ संख्या! ७ आणि १३ तेवढे राहिलेत, पण अडीचशे जणांना जमलं नाही ते या दोघांना काय जमणार. सासऱ्यांसाठी छोटं भाषण लिहिलं.

१८ मार्च, संध्याकाळी
ही आली. वह्या पुढे ठेवल्या. ती बॅगेवरच बसली. म्हणाली, अहो, तो बाबांच्या नव्या घरच्या फोनचा नंबर आहे.
फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मला भाषणातलं पहिलं वाक्य तेवढं आठवलं: तुमचा नंबर मूळ संख्या आहे.
ते म्हणाले, जावईबापू, नंबर मिळाला त्याच दिवशी बघितलं मी. त्याला एक्क्याण्णवने भाग जातो. लगेच तुमची आठवण झाली. म्हटलं, तुम्हाला सांगावं, दोघांनी मिळून हसावं, मागचं मिटवून टाकावं. पंधरा दिवस फोनपाशी बसून आहे.
फार लाज वाटली. बरंही वाटलं.
म्हणाले, तेराचा पाढा म्हणा बघू. म्हटला. अठ्ठ्याहत्तरपर्यंत नीट आलो आणि थांबलो. तेही थांबले. या वेळी हसले नाहीत.
शेवटी मीच म्हटलं, एक्क्याण्णव.