आठ महिन्यांची बिलं

मंगळवार, ९ मार्च

लाडक्या छोटीला ताईचे खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र पंधरा दिवसांपूर्वीच मिळालं. तुझे भावजी बरे आहेत, जिना एका दमात चढतात. नळ अजून गळतो.

तू रागावली आहेस हे अक्षरावरूनच कळलं. ‘ताई, औषधांच्या सरकारी मदतीसाठी बारा महिन्यांची बिलं लागतात. भावजींची बारा आहेत, तुझी चारच. बाकीची शोध, आळस करू नकोस.’ ‘अगं, कपाट उपसलं, गाद्या झटकल्या. बिलं उंदरांनी कुरतडली,’ असं तुला आधी लिहिलंही होतं. तो कागद फाडून टाकला.

तुला न सांगता मी इथल्या कार्यालयात जाऊन आले. खिडकीतल्या बाईंनी बेरीज केली नि म्हणाल्या, "आजी, औषधांचा खर्च उत्पन्नाच्या पाव हिश्श्यावर गेला तरच मदत मिळते. तुमचा जात नाही. कागदावर तुम्ही अगदी ठणठणीत दिसता." ठणठणीत म्हणे! त्या दिवशी माझ्या बोटांत पेन धरवत नव्हतं, म्हणून त्यांनी अंगठा घेतला. तीस वर्षं दुकानात बिलं फाडणारी बाई मी. हे पत्रही थांबत थांबत लिहिते आहे.

छोटे, बिलं हरवलेली नाहीत. मी औषध घेतलंच नाही. जुलैपासून.

जूनमध्ये ह्यांच्या हृदयाच्या गोळ्या महागल्या. दोघांचं जमेना. सांधेदुखीने काही माणूस मरत नाही, असं मीच ठरवून टाकलं. सकाळी हे गोळी घेतात, तेव्हा मीही रिकामी मूठ तोंडाशी नेते आणि वर पाणी पिते. तुला फोनवर ‘घेते गं वेळेवर’ म्हणायचे, तेही खोटंच. मला लाज वाटते. गरिबीची नव्हे, तिची आता सवय झाली. इतक्या सफाईने खोटं बोलता येतं, याची.

औषधवाले म्हणाले, "ताई, मागच्या तारखांची आठ बिलं देतो, सगळेच नेतात." मी हो म्हणून आले. दुसऱ्या दिवशी आणायला गेले आणि पायरीवरूनच परत फिरले. आठ महिने औषध घेतलं असं कागदावर आलं, तर ही सुजलेली बोटं कशाने, हे डॉक्टरीणबाईंना कसं कळणार?

मग त्यांनाच खरं सांगितलं. खूप बोलल्या मला. नंतर त्यांनीच फॉर्मचं शेवटचं पान काढून दाखवलं: ‘न परवडल्यामुळे औषध बंद ठेवले.’ ते डॉक्टरांनी लिहून दिलं की बंद महिन्यांचाही खर्च धरतात. फक्त खाली नवऱ्याची सही लागते.

तिथेच माझं घोडं अडलं. ह्यांना कळलं तर हे आपल्या गोळ्या बंद करून बसतील. चार दिवस तो कागद साड्यांच्या घडीत होता.

काल दुपारी वाचून दाखवला. हे उठले, आपल्या गोळ्यांचं पाकीट आणलं, कात्रीने मधोमध कापलं आणि अर्धं माझ्यापुढे ठेवलं.

मी म्हटलं, "अहो, हृदयाच्या गोळ्या माझ्या काय कामाच्या?"

"माहीत आहे मला," म्हणाले आणि रडायला लागले. छत्तीस वर्षांत मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मग मलाही आवरेना. आज सकाळी समोर बसून त्यांना गोळी घ्यायला लावली. पाणी मी प्यायले नाही.

फॉर्म सोबत पाठवते आहे. तिकडच्या मोठ्या कार्यालयात तूच नेऊन दे. मंजूर झाला तर एप्रिलपासून औषध सुरू होईल. नाही झाला तर काय, ते मला खरंच सुचत नाही. फार दमले आहे गं.

ह्यांच्या सहीची शेवटची रेघ पार खाली घसरली आहे. कुणी शंका घेतली तर सांग, सही भावजींचीच आहे. सगळं ऐकून केलेली.

तुझी,
ताई