जास्त मिठातली रेघ

३ फेब्रुवारी
कालचं खोडते. ‘या कोंबड्यांच्या रक्तात रोगाची खूण नाही’ असं लिहिलं — चूक! तबकडीत रेघ उमटली नाही, एवढंच खरं. जेलच्या एका खळग्यात विषाणू, शेजारच्यात सीरम, म्हणजे रक्तातलं निवळ पाणी; सीरममध्ये प्रतिपिंडं असली की मध्ये पांढरी रेघ धरते. पण आमचं जेल सशाच्या सीरमसाठी बेतलेलं. कोंबडीच्या सीरमला मीठ कितीतरी जास्त लागतं. जिथून हे रक्त आलं तिकडे कोंबड्या पटापट मरताहेत आणि मी ‘नाही’ लिहून मोकळी!

४ फेब्रुवारी
प्रयोगशाळेच्या साहेबांना विचारलं, जेलमध्ये मीठ वाढवू का. “हे काय स्वयंपाकघर आहे?” सगळे हसले. मीही हसले. कशाला हसले?
तरी जास्त मिठाचं जेल लावलंच.

६ फेब्रुवारी
रेघ! स्वच्छ, पांढरी.
साहेब म्हणाले, “मिठानेच आली नसेल कशावरून? धडधाकट कोंबडीचं रक्त लावून दाखव.” खरं आहे त्यांचं. दादाच्या शेडमधून रक्त आणते. आईने मला बेरीज शिकवली ती तिथेच, अंडी मांडून. शाळा फार नंतर. त्या कोंबड्यांवर माझा डोळे मिटून विश्वास.

७ फेब्रुवारी
दादाने पंख धरले, मी सुई लावली. “डॉक्टरीणबाई, बेताने! घरातली माणसं आहेत ती.” वहिनी म्हणाली, “माझ्यापेक्षा लाडकी!”

९ फेब्रुवारी
दादाच्या कोंबड्यांनाही रेघ.
साहेब खूश. “बघ, मिठाचा खेळ! जुनीच पद्धत चालू दे.” मला हायसं वाटलं. हायसं! कारण रेघ खरी असेल, तर वरून न दिसणारा रोग तिथेही आहे, आणि दादाची अख्खी शेड मारून पुरावी लागेल. लसीनेही रेघ उमटते, पण लस तर त्याने कधी टोचलेली नाही.
झोप नाही.

१० फेब्रुवारी
प्रयोगशाळेतच उबवलेली, बंद खोलीत वाढलेली एक कोंबडी आहे. बाहेरच्या पाखराचा वाराही न लागलेली. तिचं सीरम त्याच मिठात लावलं. रेघ येऊ दे, दोष मिठाचाच ठरू दे, असं मनात येतं — आणि स्वतःची किळस वाटते.
आईचा फोन. “दादाची अंडी चौदा तारखेला उबवायला जाणार. गावोगावची पिल्लं आपली!” हा रोग अंड्यातूनही पिल्लांत उतरतो. मी नुसतं “हो” म्हटलं.

१२ फेब्रुवारी
बंद खोलीतल्या कोंबडीला रेघ नाही. दोनदा पाहिलं. म्हणजे दादाकडची रेघ मिठाची नव्हे, रोगाचीच.
उद्या, तेरा तारखेला सकाळी, आधी दादाला सांगणार. मग साहेबांना लेखी देणार.