अर्धा राहिलेला सिगार

मंगळवार, संध्याकाळ

मेव्हण्याची वारंगा फाट्यावर पानटपरी. त्यानं एक स्वस्तातला सिगार दिला. "दाजी, वढून सांगा, ठेवू का दुकानात?"

ओट्यावर पेटवला आणि सवयीनं बिडीसारखा छातीत ओढला. असा ठसका लागला! भिंतीपलीकडून शेजारचा मारोती म्हणाला, "काहून खोकून राहिला रे?" बांधावरून भांडल्यापासूनचा त्याचा पहिला शब्द. काहून गप्प बसलो?

मग धूर नुसता तोंडात धरला. मिरी, करपलेला गूळ. कडक, पण चांगला. आणि हात आपोआप बाजूला गेला, बिडी मारोतीपुढं करायचो तसा. बाजूला कोण होतं?

विझवला. चव काही जाईना, एका जागी बसवेना.

मेव्हण्याचा फोन. "कसा हाय?"

"अर्धाच झालाय," म्हणालो. "मारोतीनं वढला की सांगतो."