पुट्टीखालचा पत्रा

मिस्त्री, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि परवा आपल्याच गॅरेजात पत्र्याचं काम झालेल्या गाडीचा भाव मला सांगावा लागला. बुधवार पेठेत ज्यांचं रेडिओचं दुकान होतं, त्या साहेबांची ती लांबलचक, दोन दारांची अमेरिकन गाडी. हल्लीची मुलं तिला मसल कार म्हणतात. साहेब मागच्या वर्षी गेले, गाडी पुरी झालीच नाही. बंगल्यामागच्या शेडमध्ये ती विटांवर उभी आहे, इंजिन सुटं, काचा गोधडीत गुंडाळलेल्या. साहेबांच्या बाई आता बंगला सोडून मुलीकडे चालल्यात. घेणारा हडपसरचा, आयटीतला तरुण. मी सांगेन तो भाव दोघांनी मानायचा असं ठरलं होतं. बाईंनी मला बोलावलं ते तुमच्या नावावर. मी तुमच्या हाताखाली शिकलो हे त्यांना माहीत होतं.

तुम्ही शिकवलं तसंच केलं. जमिनीवर चादर अंथरली आणि खोक्यांतला एकेक भाग ज्याच्या त्याच्या जागी मांडला, म्हणजे काय नाही ते दिसतं. आहे ते कुणीबी मोजतंय, तू नाही ते मोज, असं तुम्ही म्हणायचात. त्या तरुणाच्या फोनमध्ये परदेशातल्या चकचकीत गाड्यांचे भाव होते, बाईंच्या वहीत साहेबांनी घातलेला पैसा. दोन्ही आकडे खरे, पण या गाडीचे नाहीत. मी चादरीभोवती दोन फेऱ्या मारल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, गाडी बघताय की प्रदक्षिणा घालताय?" मग स्वतःच म्हणाल्या, "यांनी संसारापेक्षा हिला जास्त वेळ दिला. दोन्ही अर्धवटच राहिले." तरुण हसला आणि लगेच फोनमध्ये बघू लागला.

मग खिशातलं लोहचुंबक काढलं. पत्र्याला ते चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही, एवढीच ती परीक्षा. छतावर, दारांवर ते खट्‌कन बसत गेलं. डाव्या दाराखालच्या पट्टीवर धरलं आणि ते खाली पडलं. स्क्रूड्रायव्हरनं खरवडतो तर बोटभर पुट्टी, आणि आत पत्रा नाहीच, गंजाचा भुगा. खरं तर मला खरवडायची गरज नव्हती. ही गाडी आपल्याकडे होती तेव्हा तुमची आई वारली म्हणून तुम्ही गावी गेला होतात. मी सव्वीस वर्षांचा, लग्न तोंडावर आलेलं. गंजका पत्रा कापून नवा जोडायला चार दिवस लागले असते, मी तो एका दुपारी पुट्टीनं भरला. तुम्ही परत आलात, डोक्यावर नुकते खुंट उगवलेले. पट्टीवरून तळहात फिरवलात आणि म्हणालात, "हात बसला की रं तुजा." दुसऱ्या दिवशी हे चुंबक माझ्या हातावर ठेवलंत. त्याआधी माझ्या प्रत्येक कामावर तुम्ही ते धरून बघायचात. त्या कामावर धरलं नाहीत.

भाव मी खराच सांगितला. बाई पंधरा लाख धरून होत्या, मी अकरा म्हणालो, कारण दाखवलं. त्यांनी वाकून ते भोक बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे तुमच्या मिस्त्रींनी आमच्या यांना फसवलं?"

"नंतर कुणी हात लावला असेल," मी म्हणालो.

"कोण लावणार? तुमच्या गॅरेजातून आली ती या विटांवरच बसली. आणि हे त्यांना देवमाणूस म्हणायचे!"

"जाऊ द्या ना काकू," तो तरुण म्हणाला, "तेव्हा सगळेच असं करायचे."

मी चादरीची घडी घालत राहिलो. तेवढ्यात सांगता आलं असतं.

रोजच्यासारखा आज पहाटे देवापुढे बसलो. नाम ओठांवर आणि कानात बाईंचा तो प्रश्न. म्हणून उठून हे लिहायला घेतलं. तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि ज्या बंगल्यात हे वाचायला द्यायला हवं तो धायरीतल्या माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, तिथेही मी जाणार नाही, हे लिहितानाच कळतंय. परवा निघताना मी फी घेतली नाही. गुरूच्या चुकीची लाज वाटून मी ती नाकारतोय, असं बाईंना वाटलं. "असा शिष्य मिळायला भाग्य लागतं हो," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांना वाकून नमस्कार केला.