चिंचेत भिजवलेल्या पुंगळ्या

अहो आई,

तुम्ही गेलात त्याला नऊ महिने झाले. पत्र आजच का लिहायला बसले, तर शनिवारी क्लबात मी तुमची गोष्ट सांगितली आणि सगळे पोट धरून हसले.

विंडसरच्या बाहेर शेतांमध्ये आमचा शूटिंग क्लब आहे, तो तुम्ही गाडीतून पाहिला होता. तिथे एक नवी बाई आली आहे. तिने मला विचारलं, उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या तू घरी कशा साफ करतेस? झालं, मी सुरू झाले. माझ्या सासूबाईंनी एकदा काय केलं म्हणून सांगू! ही गोष्ट मी दोन वर्षांत दहा-बारा वेळा तरी सांगितली असेल. कुठे थांबायचं, कुठे डोळे मोठे करायचे, सगळं मला पाठ आहे. पितळ दिसलं की चिंच लावणारी म्हातारी, पाचही डबे एकत्र, आणि देवापुढे परातीत चकचकीत पुंगळ्या. इथे कॅनडात लोक हसतातच.

या वेळीही हसले. मग वॉल्टरनी विचारलं. वॉल्टर म्हणजे ज्यांनी मला काडतुसं भरायला शिकवली ते आजोबा. "सो, हाऊ इज शी नाऊ?" मी म्हटलं, "शी पास्ड अवे इन जॅन्युअरी." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ती नवी बाई आपले बूट बघत राहिली. मी सामान आवरलं आणि घरी आले.

येताना गाडीत माझ्या लक्षात आलं, की मी ही गोष्ट नेहमी परातीपाशी थांबवते. पुढचं कधीच सांगत नाही. पुढचं फक्त आपल्या तिघांना माहीत आहे.

तुमच्यापासून आम्ही हा माझा उद्योग तीन वर्षं लपवला होता, ते तुम्हाला नंतर कळलंच. हेमंत म्हणायचा, आईला कशाला सांगायचं, ती घाबरेल. मला वाटायचं, सासूबाई साताऱ्याच्या, सोवळ्याओवळ्याच्या, सून बंदूक चालवते म्हटल्यावर काय गहजब होईल! तुम्ही २०१६ च्या ऑगस्टमध्ये आलात आणि चौथ्याच दिवशी बेसमेंटमध्ये उतरलात. टेबलावरचा काडतुसं भरायच्या दाबयंत्राचा लोखंडी दांडा, तराजू, फळीवरचे डबे, सगळं शांतपणे पाहिलंत. रायफल कपाटात कुलुपात होती, तीही दाखव म्हणालात.

"कुणाला मारतेस?" असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, कागदाला. त्यावर तुम्ही म्हणालात, "कागदाला मारायला एवढा खटाटोप?" आणि खुर्ची ओढून बसलात.

मला त्या क्षणी तुम्ही किती आवडलात म्हणून सांगू! पण तेही कधी सांगितलं नाही.

मग रोज संध्याकाळी तुम्ही आल्याचा चहा घेऊन खाली यायला लागलात. काडतुसं तयार का विकत आणत नाहीस, म्हणून विचारलंत. मी सांगितलं की तयार गोळी सगळ्यांसाठी केलेली असते, ही मी माझ्या रायफलीच्या मापाने करते, म्हणून नेम नेमका बसतो. तुम्ही लगेच म्हणालात, म्हणजे रेडिमेड ब्लाऊज आणि शिवून घेतलेला ब्लाऊज. क्लबात मी आठवडाभर ती उपमा सांगत फिरले. बायकांना लगेच कळायची, पुरुषांना समजावून सांगावी लागायची.

रायफलीचा लाकडी दस्ता मला लांब पडत होता. या वस्तू पुरुषांच्या हाताच्या मापाने करतात. तो कापून आखूड करायचा होता, तेव्हा माप कुणी घेतलं? तुम्ही. माझा हात कोपरात वाकवून, शिवणाच्या टेपने, दोनदा. "अर्धा इंच जास्त ठेव, थंडीत स्वेटर घालशील," हे तुमचंच. वॉल्टरनी तो दस्ता पाहून विचारलं होतं की माप कुणी काढलं. मी म्हटलं, मीच. आई, हेही एक खोटं.

माझी रायफल सेमी-ऑटोमॅटिक आहे. गोळी सुटली की रिकामी पुंगळी आपणहून बाहेर फेकते. इथल्या कायद्याने तिच्यात एका वेळी पाचच गोळ्या बसतात, म्हणून पाच उडवल्या की मी गवतात वाकून पाच वेचते. त्याच पुंगळ्या घरी आणून साफ करून पुन्हा भरायच्या. पण पितळ दर वेळी थोडं ताणलं जातं आणि झिजतं, म्हणून कुठली किती वेळा वापरली हे कळायलाच हवं. माझे पाच डबे होते आणि झाकणावर आकडे. मी दिवसभर कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग तपासते. एका लॉटचा माल दुसऱ्यात मिसळला की आमच्याकडे आकांत होतो. घरीही माझं तेच. हे डबे वेगळे का, हे तुम्हाला सांगायचं मात्र राहून गेलं. तुम्ही रोज तासभर समोर बसत होतात, मी सांगू शकले असते की नाही?

मग खंडेनवमी आली.

मी पहिल्या पाळीहून साडेचारला घरी आले. हेमंतही माझ्या मागोमाग आला. देवघरासमोर तुम्ही पाट मांडला होता. समई, ताम्हण, पळी-पंचपात्र, सगळं लखलखत होतं. बाजूला हेमंतचा जुना लॅपटॉप, त्याला कुंकवाचं बोट. माझा व्हर्नियर कॅलिपर, त्यालाही कुंकू. आणि स्टीलच्या परातीत सहाशे पुंगळ्या, तोंड वर करून, ओळीने उभ्या. प्रत्येक ओळीत मधेमधे झेंडू. शेजारच्या बाईंकडून खुणेने मागून आणला होतात. तुम्ही नवी साडी नेसला होतात.

मला फक्त पाच रिकामे डबे दिसले.

पितळावर गुलाबी झाक आली होती. सकाळपासून चिंचेत ठेवलं की तसं होतं, आंबटाने पितळ कमजोर पडतं. शनिवारी माझी स्पर्धा होती. आणि मी बोलले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? हे काय देव आहेत तुमचे? यातली एक फुटली तर माझा डोळा जाईल, कळतंय का तुम्हाला?"

तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं."

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी परात उचलली, भंगाराची बादली आणली आणि तुमच्यासमोर ती पालथी केली. हळदकुंकवासकट, फुलांसकट. केवढा आवाज झाला! हेमंत पायात बूट तसेच ठेवून दारात उभा होता. तुम्ही खाली बसलात आणि बादलीत हात घालून झेंडूची फुलं एकेक करून बाहेर काढलीत. ओच्यात घेतलीत आणि आत गेलात. पुरणाचा बेत होता त्या दिवशी. आम्ही जेवलो. काय बोललो ते मला आठवत नाही.

त्यानंतर तुम्ही खाली आला नाहीत. चहा मात्र यायचा. जिन्याच्या वरच्या पायरीवर कप ठेवून, हाक न मारता तुम्ही निघून जायचात. मी वर येईपर्यंत तो गार झालेला असायचा. मी तो गारच पिऊन टाकायची आणि कप धुऊन ठेवायची. एकदा, फक्त एकदा, 'आई, या ना खाली' म्हणायला मला काय झालं होतं?

कारण सांगू? मी चूक नव्हते. हीच सगळी पंचाईत होती. त्या पुंगळ्या वापरण्यासारख्या राहिल्या नव्हत्या, कुणीही जाणकार हेच म्हणेल. वॉल्टरही हेच म्हणाले. मी बरोबर होते आणि त्या बरोबर असण्याला धरून बसले. माफी मागायची म्हणजे चुकीची मागायची, आणि चूक तर मला सापडतच नव्हती. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेणारी बाई मी!

जानेवारीचं तिकीट तुम्ही नोव्हेंबरवर आणायला सांगितलंत. थंडी सोसत नाही म्हणालात. थंडी अजून पडलीच नव्हती. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला, तुम्ही पाठीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, जपून काम कर. मला तेव्हा तो टोमणा वाटला. किती कोती होते मी!

शनिवारच्या त्या प्रकारानंतर रविवारी मी साताऱ्याला सुधाताईंना फोन लावला. वन्सं आणि मी सणासुदीलाच बोलतो, त्यामुळे त्या आधी घाबरल्याच. मी सगळं सांगून टाकलं. परात, बादली, फुलं. मला वाटलं त्यांना माहीत असेल, तुम्ही लेकीपाशी मन मोकळं केलं असेल. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "आई तर वेगळंच सांगायची गं. म्हणायची, माझ्या हातून आसावरीच्या कामाची नासाडी झाली. पोरगी कामाला पक्की आहे, अगदी यांच्यासारखी."

यांच्यासारखी म्हणजे मामंजींसारखी. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, एवढंच मला माहीत होतं. वन्संनी बाकीचं सांगितलं. मामंजी आपल्या चिमट्यांना, स्क्रू-ड्रायव्हरांना कुणाला हात लावू देत नसत. पोरांना नाही, तुम्हालाही नाही. वर्षातून एकच दिवस, खंडेनवमीला, ते स्वतः तो ट्रे आणून तुमच्या हातात द्यायचे. तुम्ही ती हत्यारं घासूनपुसून मांडायचात. ते गेल्यावर दुकान विकलं, हत्यारंही त्यातच गेली. त्यानंतर नऊ वर्षं तुमच्या घरात खंडेनवमीला मांडायला काही नव्हतं. वन्सं म्हणाल्या की तुम्ही त्या दिवशी नुसतीच विळी आणि कात्री ठेवायचात.

मग तुम्ही विंडसरला आलात आणि तळघरात तुम्हाला पुन्हा एक हत्यारांचं टेबल दिसलं. ते सुनेचं होतं, याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही! मामंजींच्या जागी तुम्ही मला बसवलंत. आणि मी मात्र ट्रे आपल्या हाताने तुमच्या हातात दिला नव्हता, म्हणून तुम्ही स्वतःच घेऊन आलात. एवढीच तुमची आगळीक.

अजून एक सांगायचंय. तुम्ही गेलात तेव्हा हेमंत एकटाच साताऱ्याला आला. मला रजा मिळाली नाही असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. रजा मी मागितलीच नव्हती. वन्संना काय तोंड दाखवू, असं वाटत होतं. त्यांना काही माहीतच नव्हतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

आता नीट सांगते, माझ्या पद्धतीने, काटेकोर. पुंगळ्या फेकल्या, त्याबद्दल मी माफी मागत नाही. त्या फेकायलाच हव्या होत्या. तुमच्यासमोर फेकल्या, त्याबद्दल मागते. तुम्ही बादलीत हात घातलात तेव्हा मी उभी राहून बघत होते, त्याबद्दल मागते. आणि गार चहाच्या प्रत्येक कपाबद्दल. सापडली शेवटी मला चूक. माझीच होती.

परवा खंडेनवमी आहे. मी रजा टाकली आहे, या वेळी खरोखर मागून. पाट मांडणार आहे. दाबयंत्र जड आहे, हेमंत उचलून वर आणेल म्हणतोय. तराजू, कॅलिपर, दस्त्याचं माप घेतलेला तुमचा टेप, तोही ठेवीन. त्या दिवशी खालच्या टेबलाला हात लावणार नाही, आणि दर वर्षी असंच करीन, हा शब्द. पुंगळ्याही मांडीन, ओळीने, झेंडू घालून.

चिंच मात्र लावणार नाही, आई. तेवढं नाही ऐकायची मी तुमचं.

तुमची,
आसावरी